पाइपाच्या पोटातलं पाणी

२००४ च्या मे महिन्यात माण तालुक्यातल्या एका गावाच्या ग्रामसभेत तात्यांना उभं केलं होतं. तात्या म्हणजे ग्रामपंचायतीचे पाणीपुरवठा कर्मचारी. गावात त्यांना सगळे वॉलमन म्हणायचे. वय साठीच्या आसपास, डोक्याला मळकट टॉवेल, हातात व्हॉल्व फिरवायची लोखंडी चावी. ती चावी त्यांनी सभेतही खाली ठेवली नव्हती. आरोप असा, की गावाबाहेरच्या वस्तीचं पाणी ते मधेच कुणाच्या तरी डाळिंबाच्या बागेला सोडतात. आदल्या वर्षीचा पाऊस गेलेला, जनावरं छावणीला बांधलेली, आणि वस्तीवरच्या बायका घागरी घेऊन थेट देवळाच्या ओट्यापर्यंत आलेल्या. अशा दिवसांत पाणीचोरीचा आरोप माणसाला गावातून उठवू शकतो. तात्यांचा तीन महिन्यांचा पगार आधीच अडकवून ठेवला होता.

मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात शाखा अभियंता होतो. त्या सभेत आकडे मीच दिले होते, म्हणून हे लिहितो आहे.

आकडे साधे होते. गावाच्या टेकाडावर सहा मीटर व्यासाची गोल टाकी. तिच्यातून वस्तीकडे ३,२०० मीटरची एचडीपीई पाइपलाइन, ११० मिलिमीटरची. वस्तीचा व्हॉल्व रोज सकाळी दोन तास उघडा. मी टाकीवर चढून काठीने पातळी मोजली होती. दहा मिनिटांत पाणी साडेनऊ सेंटिमीटर उतरत होतं, म्हणजे मिनिटाला सुमारे २७० लिटर. दोन तासांचे झाले ३२,४००. वस्तीवर माणसं ३२०. तेव्हाच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ४० लिटर धरलं, तर लागायचे १२,८००. पण वस्तीवर जेमतेम आठ हजार लिटर पोचत होतं. मी हे मोठ्याने वाचून दाखवलं आणि खाली बसलो. मागून कुणीतरी उठून विचारलं, “मग राहिलेलं चोवीस हजार लिटर रोज जातं कुठं?” सगळ्यांची तोंडं तात्यांकडे वळली.

तात्या एवढंच म्हणाले, “सायेब, वॉल खोलल्यापास्नं वस्तीवर पानी पडायला दीड तास लागतुया. त्यो दीड तास कुनी मोजलाच न्हाई.”

त्या वाक्याकडे सभेत कुणी लक्ष दिलं नाही. मीही दिलं नाही. रात्री ग्रामपंचायतीच्या खोलीत कंदिलाजवळ बसलो, तेव्हा ते पुन्हा कानात आलं. दीड तास पाणी जातं कुठं? पाइपात. पाइप रोज रिकामा होत असेल, तर तो रोज आधी स्वतःचं पोट भरून घेणार, आणि मगच वस्तीला देणार. मग त्या पोटात मावतं किती, हे काढायला हवं होतं. अंदाजपत्रकात पाइपाची लांबी होती, व्यास होता, दर होता, दाब सोसायची क्षमता होती. आत किती पाणी बसतं, हा आकडा कुठेच नव्हता. नोकरीला लागून मला तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि त्या अकरा वर्षांत कुणी तो मला विचारला नव्हता.

हिशेब आठवीच्या पुस्तकातला आहे. पाइप म्हणजे लांबलचक वृत्तचिती. तोंडाचं क्षेत्रफळ काढायचं, त्याला लांबीने गुणायचं. मी ११० मिलिमीटर धरले. मीटरला साडेनऊ लिटर आले, ३,२०० मीटरला ३०,४०० लिटर. मिनिटाला २७० प्रमाणे भरायला ११३ मिनिटं, म्हणजे दोन तासांना सात मिनिटं कमी. वस्तीला मग उरणार सात मिनिटांचं पाणी, दोन हजारही लिटर नाही. पण वस्तीवर आठ हजार पोचत होतं. हिशेब बसेना.

सकाळी तात्यांना सांगितलं, “तात्या, तुमचा दीड तास बरोबर नाही. पावणेदोन तासांच्या वर लागायला हवेत.”

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. “आवं सायेब, आट वर्सं खोलतुया मी ह्यो वॉल. दीड तास म्हंजी दीड तास. चला माज्यासंगं.”

आम्ही निघालो. सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी व्हॉल्व उघडला. एकदम नाही उघडला. आटे मोजत, मधे थांबत, पाइपाला कान लावत उघडला. मग आम्ही लाइनीच्या कडेने चालू लागलो. टाकीपासून उतार, मग ओढा, ओढ्यापलीकडे हळूहळू चढ आणि चढावर वस्ती. पाऊण तासात आम्ही वस्तीवर पोचलो. पाणी अजून यायचं होतं. आम्ही त्याच्या पुढे निघून आलो होतो, आणि ते आमच्या पायांखालच्या चरातून चालत्या माणसाच्या निम्म्या वेगाने मागून येत होतं. हे त्या दिवसापर्यंत माझ्या डोळ्यांसमोर कधी उभंच राहिलं नव्हतं.

वस्तीवर घागरींची रांग लागलेली. शेवटचा नळ फुसफुसायला लागला. आधी हवा येते, खोकल्यासारखी, थांबून थांबून. एक म्हातारी म्हणाली, “आलं, आलं, आता लाल पानी पडंल, मागनं चांगलं.” पाण्याची धार लागली तेव्हा माझ्या घड्याळात सात वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती.

एक्क्याण्णव मिनिटं. तात्यांचं बरोबर होतं आणि माझं गणित चुकलं होतं.

चूक कुठे होती, ते त्याच वस्तीवरच्या एका घराच्या वळचणीला सापडलं. लाइन टाकताना उरलेला पाइपाचा तुकडा घरमालकाने उभा चिरून पन्हाळ म्हणून लावला होता आणि त्याचाच एक अखंड तुकडा गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेला होता. मी खिशातली स्टीलची पट्टी लावली. बाहेरून बाहेर ११०. पाइपाची भिंत साडेसहा मिलिमीटर जाड. दोन्ही बाजूंची भिंत वजा केली, तर आतला व्यास ९७.

एचडीपीई आणि पीव्हीसी पाइपावर छापलेला आकडा हा बाहेरचा व्यास असतो, हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. जुन्या जीआय पाइपाचा इंचातला आकडा आतल्या पोकळीचा असतो, तोही अंदाजे. पाणी तर आतच राहतं. इतकी वर्षं कागदावर ११० लिहून लिहून माझ्या मनात ११० चीच पोकळी तयार झाली होती. दाब जास्त सोसायचा, तर भिंत जाड होते आणि बाहेरचं माप तेच राहून आतली जागा कमी होते. म्हणजे दोन गावांत ‘११० चा पाइप’ असला, तरी दोन्हीकडे पाणी सारखं मावेलच असं नाही.

आता हिशेब पुन्हा केला. ९७ मिलिमीटर म्हणजे ९.७ सेंटिमीटर. ९.७ चा वर्ग ९४.०९. त्याला ०.०७८५ ने गुणलं, की मीटरला लिटर मिळतात: ७.३९. तीन हजार दोनशे मीटरला २३,६५० लिटर. मिनिटाला २७० प्रमाणे ८८ मिनिटं. वर वाटेतल्या गळतीची दोन-तीन. तात्यांचा दीड तास.

आणि ग्रामसभेत विचारलेले ते चोवीस हजार लिटरही तिथेच सापडले. ते कुणाच्या बागेत गेलेले नव्हते. ते रोज पाइपाच्या पोटात जात होते.

वस्तीशेजारी जिल्हा परिषदेची शाळा होती. सुट्टी असूनही गुरुजी तिथेच राहायचे. त्यांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, “साहेब, गणित राहू द्या, भरूनच बघू.” तो अखंड तुकडा करवतीने बरोबर एक मीटर कापला. एका तोंडाला प्लास्टिकचा कागद लावून वर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून आवळली. उभा धरला. पोरं जमली. दुधाचं एक लिटरचं माप आणलं. एक, दोन, तीन असं पोरं ओरडत मोजत होती. सात मापं पूर्ण गेली, आठवं अर्ध्याच्या आत असतानाच पाणी काठाला आलं. घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकाही बघत होत्या. त्यांना क्षेत्रफळ सांगावं लागलं नाही. एकीने लगेच विचारलं, “म्हंजी एका पावलाला सात लिटर? आन् आसली पावलं किती हायती टाकीपर्यंत?” एवढ्या एका प्रश्नात तिने वृत्तचितीचं घनफळ मांडलं होतं.

तेव्हापासून मी माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला तुकडा कापून भरायला लावत आलो. सूत्र पाठ असणं वेगळं. मीटरभर पाइप दोन्ही हातांत धरल्यावर त्याच्या पाण्याचं वजन खांद्याला लागतं, ते वेगळं.

इंचात विचार करणाऱ्या मिस्त्रींसाठी याहून सोपी रीत आहे. व्यासाच्या इंचांचा वर्ग करायचा आणि निम्मा घ्यायचा. तेवढे लिटर दर मीटरला. दोन इंची म्हणजे चार, त्याचे निम्मे दोन लिटर. तीन इंचीला साडेचार. चार इंचीला आठ. सहा इंचीला अठरा. खरा आकडा याहून शेकडा सव्वा-दीडने जास्त येतो, पण चरात उभं राहून तोंडी करायला एवढं पुरे. अट एकच, इंच आतले हवेत.

अचूकपणाबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. पाय (π) म्हणजे ३.१४१५९ घ्यायचा की २२ भागिले ७, यावर आम्ही तरुणपणी वाद घालायचो. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त दोन्ही दिले आहेत: व्यवहाराला २२ भागिले ७ आणि सूक्ष्म हवा असेल तर ३,९२७ भागिले १,२५०, म्हणजे ३.१४१६. त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. मी त्या वस्तीच्या लाइनीवर दोन्ही लावून पाहिले. साडेतेवीस हजार लिटरांत फरक पडतो साडेनऊ लिटरांचा, एका कळशीचा. आणि आतला व्यास मोजताना एक मिलिमीटर चुकलो, ९७ चे ९८ धरले, तर फरक पडतो ४९० लिटरांचा. जवळजवळ अडीच बॅरल. कारण व्यास वर्गात जातो. दशांश चिन्हापुढची घरं मोजत बसण्यापेक्षा पट्टी नीट लावावी, हे मी तिथे शिकलो.

पण पाइप रोज रिकामा होतो का, हा प्रश्न राहिलाच होता. रात्रभर भरलेला राहिला, तर सकाळी व्हॉल्व उघडल्यावर वस्तीवर पाच-दहा मिनिटांत धार लागायला हवी. तात्यांना विचारलं. ते म्हणाले, “पयली चार-पाच वर्सं लगीच यायचं. आलीकडं न्हाई.”

दुपारच्या उन्हात आम्ही पुन्हा ओढ्यात उतरलो. लाइनीचा सगळ्यात खालचा बिंदू तो. तिथे गाळ काढायला वॉशआउट असतो: एक छोटा व्हॉल्व, वर्षातून दोनदा उघडून साचलेली माती सोडायची. आजूबाजूचा ओढा भेगाळलेला आणि त्या चेंबरच्या खाली दोन हात जागेत लव्हाळा हिरवागार. मे महिन्यात. कुणाच्या डोळ्यांवर तो आला कसा नाही? आला असणार. पण ओढ्यात हिरवळ दिसली, तर आपण झरा समजतो. चेंबरचं झाकण काढलं तर व्हॉल्वच्या दात्यात सुपारीएवढा खडा अडकलेला. बंद केलेला व्हॉल्व पूर्ण बंद होतच नव्हता. टाकीकडचा व्हॉल्व सकाळी आठला बंद झाला, की दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत बावीस तास ती चीर दोन्ही बाजूंचं पाणी ओढ्यात सोडत होती. वरून एअर व्हॉल्वमधून हवा आत यायची, पाणी खालून निघून जायचं. वस्तीवरच्या नळांना तोट्याही नव्हत्या. तिथूनही लाइनीतलं राहिलेलं पाणी सुटायचं.

रोज साडेतेवीस हजार लिटर. वस्तीची जवळजवळ दोन दिवसांची गरज, रोज ओढ्याला. तीही अशा उन्हाळ्यात, की टँकर यायची तारीख तलाठ्यालाही ठाऊक नसायची.

व्हॉल्व बदलला. तोट्या बसवल्या. पुढच्या ग्रामसभेत मी उठलो आणि माझा आधीचा हिशेब अपुरा होता, तात्यांनी एक लिटरही विकलेलं नाही, असं सांगितलं. सरळ सांगितलं, कारण त्या आकड्यांवर माझी सही होती. तात्यांचा अडकलेला पगार निघाला. ते माझ्यावर रागावले नाहीत. निदान दाखवलं तरी नाही. पण मला अजून वाटतं, की ज्याने आठ वर्षं रोज पहाटे त्या लाइनीला कान लावला, त्याला पहिल्याच दिवशी “दीड तास कसा, सांगा” असं विचारायला हवं होतं. त्याच्याकडे घड्याळ होतं, माझ्याकडे सूत्र होतं आणि मी घड्याळावर अविश्वास दाखवला.

पुढे हा हिशेब मला जागोजागी भेटत राहिला.

कराडकडे कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात शेतकऱ्यांनी मिळून टाकलेल्या लाइनी असतात. जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) नदीला, मोटार एक, आणि पाणी वाटून घ्यायला पाळ्या. माझ्या नात्यातल्या दोन सख्ख्या भावांचं त्यावरून बोलणं बंद झालं होतं. लाइन १६० मिलिमीटरची, आतून धरा १५०, लांबी अठराशे मीटर. मीटरला १७.७ लिटर म्हणजे पोटात ३१,८०० लिटर. मोटार सेकंदाला दहा लिटर देत होती. लाइन भरायलाच त्रेपन्न मिनिटं. जॅकवेलवरचा एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व, गळका, त्यामुळे मोटार थांबली की सगळं पाणी परत नदीत. रात्रीची वीज आठ तास. धाकट्याची पाळी नेहमी पहिली आणि तासांची मोजणी मोटार चालू केल्यापासून. म्हणजे त्याच्या चार तासांतला जवळजवळ एक तास पाइपच खात होता, आणि थोरल्याला पूर्ण चार तास मिळत होते. धाकट्याला वाटायचं थोरला मोटारीशी काहीतरी करतो. थोरल्याला वाटायचं धाकटा उगीच रडतो. दोघेही खरं बोलत होते. मी कागदावर मांडून दाखवलं. एनआरव्ही नवा बसवला आणि मोजणी शेतात पाणी पडल्यापासून करायची ठरली. आजही तिथे तसंच चालतं. पाळीवरून भांडणाऱ्या कितीतरी गावांत हीच एक ओळ ठरावात घातली तर पुरेल, असं माझं मत आहे.

दुसरं म्हणजे वजन. लिटरला किलो, हे सगळ्यांना माहीत असतं, पण पाइप जमिनीखाली असला की विसरायला होतं. तात्यांच्या लाइनीतलं पाणी म्हणजे साडेतेवीस टन, आणि ते एका दिशेने चालत असतं. उसाने भरलेला ट्रॅक्टर भिंतीवर आदळावा तसं ते आदळतं, जर कुणी शेवटचा व्हॉल्व एका झटक्यात बंद केला तर. एका गावात नव्या कर्मचाऱ्याने घाईत तसं केलं आणि अर्धा किलोमीटर मागचा जोड उखडून चर वाहून गेला. लोक म्हणाले पाइप निकृष्ट. पाइप चांगला होता. तात्या आटे मोजत, थांबत व्हॉल्व फिरवायचे, त्याचं कारण त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. लाइन हातात धरून ते त्यांना कळलेलं होतं. ओढ्यावरून पाइप नेताना खाली आधार किती अंतरावर द्यायचे, तेही यावरच ठरतं. आतून २०० मिलिमीटरचा पाइप भरला, की मीटरला ३१ किलो नुसतं पाणी. सहा मीटरच्या एका नळीत जवळजवळ १९० किलो, पाइपाचं वजन वेगळं. रिकामा पाइप पाहून आधार ठरवले, तर तो पहिल्याच पुरवठ्याला मधे वाकतो.

आणि ग्रामसभेत हटकून येणारा तो प्रश्न: “चार इंची महाग पडतो, त्यापेक्षा दोन इंचीच्या दोन लाइनी टाका ना!” दोन दुणे चार हे इथे चालत नाही. चार इंचीत मीटरला आठ लिटर, दोन इंचीत दोन. साठवणीला चार लाइनी लागतील. वाहून न्यायला तर चारही पुरत नाहीत. लहान पाइपात भिंतीचं घासणं जास्त, म्हणून त्याच उतारावर तेवढंच पाणी न्यायला दोन इंचीच्या सहा लाइनी टाकाव्या लागतील. हे मी खडूने जमिनीवर वर्तुळं काढून समजावत असे. मोठ्या वर्तुळात लहान वर्तुळं मावून बघायची. मुलांना आधी कळायचं.

माणच्या पाण्यात क्षार फार. जुन्या जीआय लाइनीचा एक कापलेला तुकडा मी ऑफिसच्या टेबलावर ठेवला होता. नावाला दोन इंची आणि आत पांढऱ्या कवचातून एक इंचाचं भोक. पोटातली जागा चौथाई. तो तुकडा ज्या गल्लीतला, तिथले लोक दहा वर्षं तक्रार करत होते, की पाणी कमी येतं, आणि कागदावर दोन इंची पाइप दिसत असल्याने तक्रार दरवेळी निकाली निघत होती. म्हणून म्हणतो, जुन्या लाइनीचा व्यास रेकॉर्डवरून घेऊ नका. कुठेतरी जोड उघडा आणि पट्टी लावा.

नवी लाइन सुरू करताना तिला धुवून टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीच्या पाण्याने भरून ठेवायची असते. तिथेही हाच आकडा लागतो. लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन धरलं, तर तात्यांच्या लाइनीला ३३ टक्क्यांची पावडर ३.६ किलो. पावडर जुनी असेल तर वाढवायची. पोटाचा आकडा न काढता पिशवी रिकामी करणारे मी पाहिलेत. पहिल्या दिवशी पोरांचे डोळे चुरचुरतात आणि मग लोक वर्षभर टीसीएलला विरोध करतात.

एक गोष्ट सांगायची राहिली, हवा. रिकामा पाइप रिकामा नसतो, तो हवेने भरलेला असतो. ती बाहेर पडल्याशिवाय पाणी बसत नाही. चढावर अडकलेली हवा मधली जागा अडवून ठेवते आणि हिशेबातले लिटर कागदावरच राहतात. हे जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पुण्यात पाणी आणलं, तेव्हा त्या नळाला ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. नळाला श्वास सोडायला जागा हवी, हा विचार त्या शब्दातच आहे. आजच्या कामात एअर व्हॉल्व हा खर्च कमी करताना पहिला कापला जातो. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी कापायची गोष्ट आहे.

तात्या गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांचा मुलगा त्याच लाइनीवर काम करतो. टाकीखालच्या खोलीच्या भिंतीवर आम्ही तेव्हा ऑइलपेंटने लिहिलं होतं: ‘वस्ती लाइन ३,२०० मीटर. एका मीटरला ७.४ लिटर. भरायला दीड तास.’ मी शेवटचा गेलो तेव्हा अक्षरं पुन्हा रंगवलेली होती.

२०१९ पासून जलजीवन मिशनमध्ये गावोगाव चर खणले गेले, माणशी ५५ लिटरचा हिशेब झाला, घरोघरी नळ बसले. तुमच्या गावात लाइन पडली असेल, तर उरलेल्या पाइपाचा एक मीटरचा तुकडा मागून घ्या. त्याचं एक तोंड बांधून लिटरच्या मापाने तो भरा आणि आलेला आकडा लांबीने गुणून टाकीच्या भिंतीवर लिहून ठेवा. आणि शेवटच्या नळाला पाणी कमी आलं, तर व्हॉल्व उघडणाऱ्या माणसावर बोट दाखवायच्या आधी ती भिंत वाचा.